तुले काय भेटनं?

मार्चमधल्या एका शनिवारी रात्री फ्लाइंग राणीने सुरतला उतरले आणि रिक्षाने डिंडोलीला घरी पोचले. जेवण उरकेपर्यंत सगळे जागेच होते. माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे आबांचं लक्ष गेलं. पिशवी निळी होती आणि चालताना तिचा कुरकुर आवाज यायचा. ती एका फाटलेल्या शिडातून शिवलेली होती. आबा म्हणजे माझे मोठे काका. पारोळ्याकडून सुरतला आले त्याला पस्तीस वर्षं झाली. त्यातली निम्मी संचाखात्यात लूम चालवण्यात गेली आणि उरलेली लूम दुरुस्त करण्यात. त्यांनी पिशवीचं कापड आधी उभं ओढलं, मग आडवं, मग तिरकं. "पॉलिस्टर शे," ते म्हणाले. "पन विणाई लय घट्ट." एवढं बोलून आत हात घातला आणि चहाचा एक पांढरा मग बाहेर काढला. त्यावर छोट्या होडीचं चित्र होतं. शर्यतीतून मी घरी आणलेली ती एकुलती एक वस्तू.

मी सांगितलं, दोन दिवस शिडाच्या होड्यांची शर्यत होती. आम्ही हरलो.

"मंग तुले काय भेटनं वं पोरी?"

सगळे हसले, मीही हसले. मग आईने हिशोब मांडायला घेतला. जाण्यायेण्याचं भाडं किती, त्या जाड हातमोज्यांचे किती, दोन दिवस अभ्यास बुडाला तो वेगळा. त्या रात्री मला काही नीट उत्तर देता आलं नाही. 'तुम्हाला नाही कळणार' असं काहीतरी पुटपुटले. हे उत्तर सगळ्यात वाईट. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना समजेल असं सांगता येत नसेल, तर बहुधा आपल्यालाच ते कळलेलं नसतं. मंडळाच्या ई-अंकासाठी 'कथा-कविता सोडून काहीतरी लिही' असं संपादकांनी बजावलं, तेव्हा ठरवलं की आबांच्या प्रश्नाचं उत्तरच लिहायचं.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. या शर्यतींना रिगाटा म्हणतात. पुण्याच्या मुलांना हा शब्द सांगितला तर त्यांच्या डोळ्यांसमोर सीओईपी येतं. तिथला बोट क्लब १९२८ पासूनचा आहे आणि नदीपात्रातला त्यांचा रिगाटा बघायला संध्याकाळी काठावर गर्दी होते. पण तो वल्ह्यांच्या होड्यांचा आणि कवायतींचा सोहळा. तो प्रेक्षकांसाठी असतो. मूळ शब्द व्हेनिसच्या बोलीतला, होड्यांच्या चढाओढीसाठी वापरला जाणारा. मी ज्याबद्दल लिहितेय तो रिगाटा शिडाच्या होड्यांचा, दोन-चार क्लबांच्या हौशी मंडळींमधला, आणि तिथे प्रेक्षक जवळजवळ नसतात. किनाऱ्यावरून पाहिलं तर लांबवर काही त्रिकोण इकडून तिकडे जाताना दिसतात, आणि कोण पुढे आहे हे दहा मिनिटं बघूनही कळत नाही. बक्षीस म्हणजे एखादी ढाल, मग, टी-शर्ट, बस. पैसे नसतात. प्रवेश फी उलट आपणच भरायची. प्रेक्षक नाहीत आणि पैसाही नाही, तरी माणसं रविवारी पहाटे उठून जातात. आबांचा प्रश्न अगदी रास्त होता.

माझ्यासारखी डिंडोलीची मुलगी तिथे पोचली कशी, हे सांगायला हवं. आमच्याकडे पाणी म्हटलं की तापी. ती खानदेशातून येते, आम्हीही खानदेशातून आलो, म्हणून तिच्याशी जरा नातं. समुद्र म्हटलं की डुमसचा काळा, चिखलट किनारा आणि टमाट्याची भजी. शीड मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते शाळेच्या सहलीत, राजपुरीहून जंजिऱ्याला जाताना. तिथल्या होड्या शिडावर चालतात. तांडेलाने मध्येच होडी वळवली, शीड एका बाजूने दुसरीकडे गेलं, आम्ही पोरी किंचाळलो आणि मास्तर ओरडले. एवढीच काय ती ओळख.

मुंबईत कॉलेजला आल्यावर वर्गातली एक मैत्रीण होडी चालवायची. तिचे वडील नौदलात होते, त्यामुळे तिचा हात लहानपणापासून बसलेला. एका शनिवारी तिचा जोडीदार आजारी पडला आणि तिने मला विचारलं, "तुला पोहता येतं ना?" सुरतच्या महापालिकेच्या तरणतलावात दोन उन्हाळे घालवले होते. येतं म्हटलं. "मग चल." या खेळाचं हे एक गुपित आहे आणि ते सगळ्यांना सांगावंसं वाटतं. होड्या ज्यांच्याकडे असतात त्यांच्याकडे नेहमी माणसं कमी असतात. दोन माणसांच्या होडीला दोन माणसं लागतातच. सुकाणूवर बसणारा तयार असतो, पुढचा दोर ओढणारा क्रू शेवटच्या क्षणी गळतो. सभासद नसाल, तुमची होडी नसेल, आडनाव कोणाच्या ओळखीचं नसेल, तरी वेळेवर पोचणारा आणि न कुरकुरणारा क्रू म्हणून तुम्हाला आत जागा मिळते.

आत म्हणजे क्लबच्या आत. याचा इतिहास फारसा गोड नाही. मुंबईचा यॉट क्लब १८४६ चा, १८७६ मध्ये त्याला 'रॉयल' हे बिरुद मिळालं. गेटवेच्या समोरची ती देखणी दगडी इमारत आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. पण तिथे बराच काळ भारतीयांना सभासद करून घेत नसत. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१८ मध्ये भारतीयांनाही घेणारा वेगळा क्लब काढला, यावरून त्या काळच्या क्लबांची हवा कळते. आता तसं कोणी कातडीचा रंग बघत नाही, पण क्लबच्या वर्गण्या आमच्या घराच्या हिशोबात बसणाऱ्या नसतात. एका क्लबच्या दारात (नाव घेत नाही) मला तीन वेळा विचारलं गेलं, "तुम्ही कोणाच्या पाहुण्या?" तिसऱ्यांदा विचारणारा माणूस पहिल्या वेळचाच होता. हौशी शर्यतींचं गुणगान करताना हे झाकून ठेवलं तर आबा लगेच पकडतील.

आता होडी चालते कशी. मागून वारा आला की शीड फुगतं आणि होडी पुढे जाते, हे कोणालाही समजतं. गंमत उलट दिशेला आहे. वारा समोरून येत असेल तर? सरळ त्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन धरून तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरकं. सुरतचे लोक सापुताऱ्याला जातात तेव्हा गाडी डोंगरावर सरळ चढते का? वळणं घेत घेतच चढते. इथे डोंगर म्हणजे वारा. शीड तिरकं धरलं की विमानाच्या पंखासारखं काम करतं, आणि होडीच्या पोटातून पाण्यात उतरलेली उभी फळी तिला बाजूला सरकू देत नाही. या दोघांच्या ओढाताणीतून होडी पुढे निसटते. फरक एवढाच की सापुताऱ्याचा रस्ता कोणीतरी आधीच आखून ठेवलाय. पाण्यावर प्रत्येक वळण कधी घ्यायचं ते आपण ठरवायचं, आणि डोंगर मध्येच दहा अंश उजवीकडे सरकतो.

हे 'सरकणं' म्हणजे सगळा खेळ. भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. परीक्षेपुरते. मुंबईच्या बंदरात सकाळी मतलई वारा मरतो, अकरा-बाराच्या सुमाराला पाणी आरशासारखं होतं, शीड लोंबतं, अंगाची लाही होते. मग पश्चिमेकडून पाण्यावर एक गडद पट्टा सरकत येतो. तोच खारा वारा. ज्याने तो पट्टा आधी पाहिला तो पुढे. खाली प्रवाह वेगळाच चालू असतो. उधाणाच्या दिवसांत ओहोटी इतकी ओढते की होडी एका दिशेला तोंड करून दुसऱ्याच दिशेला सरकते, आणि भांगाच्या दिवसांत तेच पाणी सुस्त. कोळी लोक उधाण आणि भांग कॅलेंडर न बघता सांगतात. आम्ही तक्ता बघतो, तरी चुकतो.

इथेच दुसऱ्या क्लबाशी शर्यतीचं कारण येतं. आपल्याच क्लबात दर रविवारी त्याच दहाबारा होड्यांशी खेळून माणूस आपल्या गल्लीचा राजा होतो. कोण कुठे वळणार हे सगळ्यांना पाठ असतं. अमुक धक्क्याजवळ वारा फिरतो, तमुक जहाजाच्या आडोशाला जायचं नाही, हेही पाठ. बाहेरचा संघ आला की ते यातलं काहीच मानत नाहीत. ज्या बाजूला आमच्या क्लबात 'तिकडे कोणी जात नाही' असा अलिखित नियम होता, तिकडे पाहुण्यांची एक होडी गेली आणि आमच्या पन्नास मीटर पुढे निघाली. तो नियम आला कुठून हे कोणालाच सांगता येईना. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळेच तिकडे जायला लागलो. आणि आपण दुसरीकडे गेलो की उलटं होतं. तळ्यातल्या क्लबात वाढलेले खेळाडू भरती-ओहोटी बघून गांगरतात. समुद्रावरचे खेळाडू तळ्यावर गेले की टेकड्यांवरून उतरणाऱ्या, दर मिनिटाला दिशा बदलणाऱ्या वाऱ्यापुढे रडकुंडीला येतात. हैदराबादला हुसेन सागरवर दरवर्षी पावसाळ्यात शर्यती होतात. मुंबईच्या होड्या तेव्हा वादळाच्या भीतीने पाण्याबाहेर काढून ठेवलेल्या असतात, मग इथले खेळाडू तिथे पळतात.

होड्या शक्यतो सारख्याच असाव्या लागतात, म्हणजे जो फरक पडतो तो माणसाचा. आमच्याकडे त्यासाठी एंटरप्राइज नावाच्या होड्या होत्या. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाची १९५६ ची ही रचना, लांबी सुमारे चार मीटर, दोन माणसं, शिडं निळी. माझी पिशवी त्याच निळ्याची. होड्या वेगवेगळ्या असतील तर प्रत्येक जातीला एक आकडा दिलेला असतो आणि लागलेल्या वेळेला त्या आकड्याने भागून हिशोब होतो. म्हणजे आधी पोचलेला हरू शकतो. ते गणित इथे नको. त्याहून मजेशीर गणित क्लबांच्या सांघिक शर्यतीत असतं, आणि माझ्या मते हौशी रिगाटाचा खरा जीव त्यातच आहे.

सांघिक शर्यत अशी. एका क्लबाच्या तीन होड्या, दुसऱ्याच्या तीन. पहिला आला त्याला १ गुण, दुसऱ्याला २, असे सहाव्याला ६. ज्या संघाची बेरीज कमी तो जिंकला. सहा आकड्यांची एकूण बेरीज २१, म्हणजे १० किंवा त्याहून कमी आले की जिंकलात, ११ आले की हरलात. आता बघा. तुमची एक होडी सगळ्यांच्या कितीतरी पुढे, पहिली. बाकीच्या दोन पाचव्या आणि सहाव्या. बेरीज १२. हरलात. त्या पहिल्याला ढाल नाही, टाळ्या नाहीत, काही नाही. उलट दुसरी, तिसरी आणि पाचवी आलात तर १०, जिंकलात, एकही होडी पहिली न येता. म्हणून पुढे असलेला शहाणा खेळाडू मध्येच थांबतो. शीड सैल सोडतो, मागे येतो, आणि समोरच्या संघाच्या होडीच्या वाऱ्यात जाऊन उभा राहतो. आपल्या शिडामागे जो मेलेला, गढूळ वारा असतो तो तिच्यावर पडतो, ती मंदावते, तेवढ्यात आपली तिसरी होडी निसटते. पुढे असलेल्याने जोडीदारासाठी मागे यायचं, असा खेळ मी दुसरा पाहिलेला नाही. कबड्डीत थोडंसं असतं म्हणा.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला आमची गल्ली आठवली. एकाला सुरतला काम लागलं की तो गावाकडून दुसऱ्याला आणतो, स्वतःच्या खोलीत झोपवतो, मास्टरला सांगून त्याला लूमवर उभं करतो. स्वतःचं पुढे जाणं तेवढ्यापुरतं थांबतं. असो. उपमा फार ताणत नाही.

क्लबांच्या शर्यतीची आणखी एक सोय अशी की यजमान आपल्याच होड्या पाहुण्यांना देतात आणि प्रत्येक फेरीनंतर त्या अदलाबदल होतात. त्यामुळे 'आमची होडी जुनी होती' हे कारण चालत नाही, आणि पाहुण्यांना होडी ट्रकवर लादून आणायचा खर्च नाही. विद्यार्थ्यांना परवडेल असा हा जवळजवळ एकच प्रकार. होडी परत करताना दोर गुंडाळलेला हवा, आतलं पाणी उपसलेलं हवं. दुसऱ्याची वस्तू वापरायची शिस्त इथे फार कडक आहे. त्यावरून मी एकदा बोलणी खाल्ली आहेत, आणि ती योग्यच होती.

आता नियमांकडे येते, कारण माझी गोष्ट त्यात अडकलेली आहे. क्रिकेटमध्ये पंच असतो. खेळाडू बाद असल्याचं स्वतःला माहीत असूनही उभा राहतो आणि पंच काय म्हणतो ते बघतो, आणि आपण त्यात काही वावगं मानत नाही. शिडाच्या शर्यतीत, निदान छोट्या शर्यतींत, पाण्यावर पंच नसतो. मोठ्या सांघिक स्पर्धांत पंच मोटरबोटीतून मागे फिरतात. आमच्याकडे एकच मोटरबोट होती आणि ती उलटलेल्यांना उचलण्यासाठी होती. मग नियम पाळले जातात कसे? वारा उजव्या बाजूने घेणाऱ्या होडीला हक्क, डाव्या बाजूने घेणाऱ्याने वाट द्यायची, हा पहिला धडा. हक्क असलेला 'स्टारबोर्ड!' असं ओरडतो. वाट दिली नाही, धडक झाली, तर चूक करणाऱ्याने स्वतःहून बाजूला होऊन होडीचे दोन पूर्ण वळसे घ्यायचे आणि मग पुढे जायचं. जो बोया वळसा घालून जायचा त्यालाच स्पर्श झाला तर एक वळसा. कोणी शिट्टी वाजवत नाही. ज्याने चूक केली त्यानेच शिक्षा घ्यायची, ती सुद्धा लगेच. वाद झालाच तर किनाऱ्यावर आल्यावर कागदावर तक्रार लिहून द्यायची. मग तीन माणसं टेबलाशी बसतात, आणि टेबलावर खेळण्यातल्या होड्या मांडून कोण कुठे होतं ते दाखवायचं असतं. पण बहुतेक वेळा गोष्ट तिथवर जात नाही.

या हौशी, स्वतःची होडी स्वतः चालवण्याच्या रीतीला इंग्रज क्लबवाले 'कोरिंथियन' म्हणतात. आपल्या कॉलेजात करिंथ हे नाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे, पौलाच्या पत्रांमुळे. क्लबवाल्यांचा शब्द तिथून थेट आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात ऐटबाज, पैशासाठी न खेळणाऱ्या श्रीमंताला इंग्रजीत तसं म्हणत. त्यामुळे या शब्दात बेइमानी न करण्याचा अभिमान आहे आणि थोडा श्रीमंतीचा तोराही आहे. दोन्ही एकत्र आलेत, वेगळे करता येत नाहीत.

नियमपुस्तकातला अगदी पहिला नियम मात्र श्रीमंत-गरीब बघत नाही. संकटात असलेल्या कोणालाही शक्य ती सगळी मदत करायची, मग शर्यत गेली तरी चालेल. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये शिडाच्या शर्यती पुसान इथे झाल्या. कॅनडाचा लॉरेन्स लेमिअक्स फिन वर्गाच्या एका शर्यतीत दुसऱ्या स्थानावर होता. शेजारच्या शर्यतीतली सिंगापूरची होडी उलटून दोघं पाण्यात पडलेले त्याला दिसले. वारा जोराचा, लाटा मोठ्या. त्याने शर्यत सोडली, दोघांना बाहेर काढलं, बचाव नौका येईपर्यंत थांबला आणि मग जाऊन २२ वा आला. पंचांनी त्या शर्यतीपुरतं त्याला दुसरं स्थान परत दिलं. पदक त्याला मिळालं नाही. पुढे ऑलिम्पिक समितीने त्याच्या खिलाडूपणाचा कुबर्तें यांच्या नावाच्या पदकाने गौरव केला. पण मला त्यातली लक्षात राहणारी गोष्ट ही की पंचांनी काही दया दाखवली नव्हती. मदतीपायी गेलेली जागा भरून देण्याची तरतूद नियमातच आहे.

आपल्याकडचा एक दाखला तर थेट मुंबईचा. १९८२ चं एशियाड दिल्लीत झालं, पण दिल्लीत समुद्र नाही, म्हणून शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या. फायरबॉल वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिलं. आणि आमच्या त्याच निळ्या शिडांच्या एंटरप्राइज वर्गात सुवर्ण कोणाला? पाकिस्तानच्या बायराम आवारी आणि गोश्पी आवारी या नवराबायकोला. आवारी कराचीचे हॉटेल चालवणारे गृहस्थ, धंदा सांभाळून होडी हाकणारे. एकाच बंदरात, दोन्ही देशांची सुवर्णपदकं पारशी घरांत गेली. आज अशी हौशी जोडी आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवेल हे अवघड वाटतं. आता सैन्य आणि नौदल खेळाडू घडवतं, वर्षभर सराव असतो. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत विष्णू सरवणनने कांस्य मिळवलं, तो सैन्यातला. त्याच स्पर्धेत रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. ती भोपाळच्या तलावावर शिकली. देवासपासून समुद्र किती लांब ते नकाशात बघा, डिंडोली तर त्या मानाने किनाऱ्यावरच आहे.

नेहा मला क्लबच्या दारातल्या त्या प्रश्नाचं उत्तर वाटते. सरकारी प्रबोधिनीने तिला घेतलं म्हणून ती आली. हैदराबादच्या यॉट क्लबने वस्तीतल्या, सरकारी शाळांतल्या मुलांना होड्या दिल्या, त्यातून राष्ट्रीय पातळीचे खेळाडू निघाले. म्हणजे होतं, करायचं ठरवलं तर. मुंबईच्या किनाऱ्यावर तर पिढ्यान् पिढ्या वारा वाचणारी कोळ्यांची मुलं आहेत. हौशी शर्यतींत ती मला फारशी दिसली नाहीत. याला वारा जबाबदार नाही.

हे सगळं मी आबांना त्या रात्री नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी, लाइट गेलेली, गच्चीच्या जिन्यात सावलीला बसलो होतो, तेव्हा सांगितलं. त्यांना एंटरप्राइज आणि १८४६ यात रस नव्हता. "हरल्या कशा?" एवढंच त्यांना हवं होतं. मग मी जिन्याच्या पायरीवर शेंगांची सहा टरफलं मांडली.

शेवटची फेरी. आमच्या होड्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागी. बेरीज १०, म्हणजे जिंकतोय. आम्ही दोघी तिसऱ्या. शेवटचा बोया वळायचा, मग वाऱ्यावर एक छोटा तिरका टप्पा, मग शेवटची रेघ. चौथी होडी त्यांची, आमच्या मागे दोन होड्यांइतक्या अंतरावर. बोयाशी वळलो, वारा वाढला, होडी कलली. क्रूचं काम अशा वेळी पाय पट्ट्यात अडकवून पाठ बाहेर टाकायचं, म्हणजे वजनाने होडी सरळ राहते. मी पाठ बाहेर टाकली आणि लाइफ जॅकेटला मागून काहीतरी मऊ, ओलं घासून गेलं. बोया. होडी नाही लागली, शीड नाही लागलं, फक्त माझी पाठ. पण नियमात क्रूची पाठ म्हणजेही होडीच. मैत्रीण वर शिडाकडे बघत होती. मागच्या होडीच्या आणि बोयाच्या मध्ये आमचं शीड होतं. कोणाला दिसलं नाही.

मी किती वेळ गप्प होते? तीन सेकंद असेन. तीन सेकंदांत पुष्कळ विचार होतात. वर्षभराचा सराव, आमच्या दुसऱ्या दोन होड्यांतली चार माणसं, आणि हेही की मी इथे पाहुणी आहे, माझ्यामुळे हरले तर पुन्हा कोण बोलावेल. मग म्हटलं, "लागलं." मैत्रिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एक शब्द उच्चारला जो या अंकात छापता येणार नाही, आणि सुकाणू फिरवलं. एक पूर्ण वळसा. त्यात त्यांची चौथी होडी पुढे निघून गेली. आम्ही चौथ्या. आमची बेरीज ११, त्यांची १०. दुसऱ्या क्रमांकाच्या आमच्या होडीने मागे येऊन तिला अडवायचा प्रयत्न केला, पण रेघ फार जवळ होती.

किनाऱ्यावर आलो तर समोरच्या संघाला वाटत होतं, आमचा दोर अडकला म्हणून आम्ही गोल फिरलो. सांगितल्यावर ते 'अच्छा' म्हणाले आणि वडापाव खायला गेले. आमच्याच संघातला एक जण संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मग सगळ्यांनाच मग वाटले, जिंकलेल्यांना आणि हरलेल्यांनाही, सारखेच. खोके जास्त झाले होते.

आबांनी टरफलांकडे बघितलं.

"कोनी देखं का?"

"नाही."

"मंग कसाले सांगं?"

मी गप्प. खरं म्हणजे मला अजूनही चांगलं वाक्य सुचलेलं नाही. सांगितलं नसतं तर ती शर्यतच झाली नसती, असं काहीतरी मनात होतं. सहा होड्या पाण्यावर नुसत्या फिरून आल्या असत्या आणि वर एक खोटा आकडा लिहिला गेला असता. पण हे मी अडखळत, अर्धं मराठीत अर्धं अहिराणीत बोलले, आणि मध्येच लाइट आली, पंखे सुरू झाले, खालून कोणीतरी टीव्ही लावला.

"येडी शे," आबा म्हणाले. पिशवीचं कापड पुन्हा एकदा तिरकं ओढून बघितलं. तिरकं ते थोडं ताणतं, उभं-आडवं नाही. शिडाच्या कापडाचा तोच गुण आणि तोच दोष, हे मला क्लबात शिकवावं लागलं होतं. त्यांना बोटांनी कळलं.

मग बराच वेळ काही नाही. जिना उतरता उतरता थांबले.

"तो बोया केवढा व्हता?"

मी दोन्ही हात पसरून दाखवलं. कमरेइतका उंच, नारिंगी रंगाचा, हवा भरलेला.

"एवढा मोठा?" आबा म्हणाले. "आन तुले दिखना नही?"